फुवांच्या भिंतीवरची पंगत

ओली भिंत पाहून ज्याच्या डोळ्यांत पाणी यावं असा माणूस तापीपासून सातपुड्यापर्यंत एकच झाला, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि फुईच्या नवऱ्याला फुवा. हे फुवा कळसाडीचे. घरची शेती, कापूस आणि केळी, थोडा ऊस. गुडघ्याला लागणारं धोतर, डोक्याला पांढरी टोपी, ओठावर बेताची मिशी. कलावंत असल्याचा संशय यावा असं त्यांच्या अंगावर काही नव्हतं. बाजारात चारचौघांत उभे राहिले तर आपणच त्यांना शोधत बसावं. पण कुणाच्या घराला गिलावा चाललाय एवढं कानावर आलं की या गृहस्थांचं ताटावरचं लक्ष उडायचं. नातेवाईक मुलीची सोयरीक जशी पक्की होईपर्यंत लपवतात, तसा गिलावा लपवायचे. माझ्या एका चुलत्यानं तर गवंड्याला पाहुणा म्हणून बोलावलं, थापी धोतराच्या पिशवीत घालून आणायला सांगितली, आणि भिंत लिंपून झाली तेव्हा दारात फुवा उभे. हातात रंगाचे डबे, काखेत कागदाची गुंडाळी. "चुनाना वास उना," एवढंच म्हणाले, आणि चपला काढून आत आले.

या सगळ्याची सुरुवात झाली ती एका इंजिनानं. फुवांचे थोरले भाऊ म्हणजे मोठे बापा. घर एकत्र, कारभार त्यांच्या हातात. त्यांनी विहिरीसाठी ऑइल इंजीन आणायला फुवांना धुळ्याला पाठवलं. तिथं कुणी गोरा साहेब बंगला सोडून विलायतेला निघाला होता आणि त्याच्या सामानाचा लिलाव होता. सकाळी गेलेले फुवा दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरले ते दरवाजाच्या फळीएवढं एक पुस्तक पोटाशी धरून. पुढचा संवाद आमच्या घराण्यात सगळ्यांना पाठ आहे.

"इंजीन कथा शे?" मोठे बापा म्हणाले.

"ते दुसऱ्यानी लिन्हं."

"मंग तू काय लिन्हं?"

"देव," फुवा म्हणाले.

देवच होते ते, पण आपले नव्हते. इटली देशातल्या कुणा जुन्या काळच्या सरदारांनी आपल्या हवेल्यांच्या भिंतींवर आणि छतांवर त्यांच्याकडच्या पुराणातले देव काढून घेतले होते, त्या चित्रांच्या रंगीत छापाचं ते पुस्तक. ढगावर लोळणारे देव, शंखावर उभ्या देवी, द्राक्षं खाणारे, बासरी वाजवणारे, आणि मधूनमधून उडणारी पंखवाली पोरं. चित्राखाली दोन-दोन ओळी मजकूर होता, पण तो इंग्रजीही नव्हता, त्यामुळे कोणता देव कोण हे अखेरपर्यंत कुणाला कळलं नाही. मी तेव्हा शहाद्याच्या शाळेत नुकता भूगोल शिकवायला लागलो होतो. फुवा मला मास्तर म्हणत. एका रविवारी त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "मास्तर, हाऊ इटली देश उन्हाना शे का?"

मी म्हणालो, "नाही फुवा, थंडी असते. डोंगरावर बर्फ पडतं."

फुवांनी पुस्तकातल्या एकूण एक उघड्या अंगाकडे पाहिलं. "तरी बी अंगवर चिंधी नही," ते हळूच म्हणाले. "म्हणजे खरा देव शेतस." तिथून त्यांची श्रद्धा बसली ती बसली.

आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर फार बोलणारे होते, आणि फुवा एकदाच त्यांच्याकडे जाऊन आले. अमक्या शतकात काय नि तमक्या नगरात काय असं ड्रॉइंग मास्तर बराच वेळ सांगत होते. त्यातलं फुवांनी एकच वाक्य उचललं. ही चित्रं ओल्या चुन्यावर काढतात. चुना वाळताना रंग पोटात घेतो, मग तो जन्मात जात नाही. वाळलेल्या भिंतीवर दिलेला रंग मात्र नुसता अंगावर राहतो आणि आज ना उद्या गळतो. एवढ्या एका वाक्यावर फुवांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. आम्ही बी.ए., बी.टी. करून काय काढलं ते आमच्या पगारावरून दिसतंच आहे.

रंगांचा खटाटोप वेगळाच. निळ्यासाठी कपड्यांची नीळ, काळ्यासाठी दिव्याची काजळी, पिवळ्यासाठी नदीकाठची पिवळी माती. गेरू मात्र शहाद्याच्या बाजारातला चालायचा नाही. तो म्हणे फार तांबडा. देवांच्या कातडीला लागणारा गेरू धडगावच्या वाटेवर, घाटातल्या एका विशिष्ट वळणावरच मिळतो, असा त्यांचा शोध होता. लाकडं वाहणाऱ्या ट्रकच्या मागे बसून ते तिकडे जायचे आणि माती घेऊन यायचे. एकदा धडगावच्या कचेरीतल्या एका कारकुनानं हटकलं, "पोत्यात काय आहे?" फुवा म्हणाले, "चामडी." पुढं खुलासा करण्यात त्यांची सबंध दुपार गेली.

माझ्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून आमच्या शहाद्याच्या नव्या खोलीची एक भिंत रंगवून दिली. मी गिलावा लपवू शकलो नाही, कारण गवंडी त्यांनीच पाठवला होता. चित्र होतं समुद्राच्या देवीचं. शंखावर उभी, शंखाला मासे जुंपलेले, मागे पदर म्हणावा असं एक उडणारं वस्त्र, आणि ते अगदी मागेच. आता अडचण अशी की त्या पुस्तकाला कसर लागलेली होती, आणि कसरीनं नेमके चेहरेच खाल्ले होते. धडं शाबूत, डोकी गायब. फुवांनी त्यावर उपाय काढला होता: अंग इटलीचं घ्यायचं, चेहरा घरातला. पण नव्या नवरीचा चेहरा त्यांनी अजून पाहिलेला नव्हता. हळदीच्या दिवशी मला समोर बसवून त्यांनी त्या देवीला माझा चेहरा दिला. मिशी तेवढी वगळली. आमची मंडळी पहिल्यांदा त्या खोलीत आली, तिनं भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं, आणि पदर तोंडात कोंबून जी खाली बसली ती उठेचना. त्या घरात माझा धाक म्हणून काही असणार होता तो त्याच दिवशी संपला. पुढे आम्ही त्या देवीसमोर कपाट आणून ठेवलं. कपाटावरून फक्त चेहरा दिसतो. पाहुणे विचारतात, "हे कुणाचं चित्र?" आमच्या घरातून उत्तर येतं, "ह्यांच्या बहिणीचं." मला बहीण नाही.

पण हे सगळे किरकोळ नमुने झाले. फुवांच्या मनात होती ती पुस्तकाच्या मधल्या दोन पानांवर पसरलेली देवांची पंगत. कुठलंसं लग्न लागलंय, ढगांवर लांबच लांब मेज मांडलंय, आणि सगळे देव-देवी जेवायला बसलेत. ही पंगत कळसाडीच्या घराच्या बैठकीच्या मोठ्या भिंतीवर काढायची. त्यासाठी मोठे बापा घराबाहेर असणं गरजेचं होतं. ते एका उन्हाळ्यात द्वारकेच्या यात्रेला गेले, आणि ते वेशीबाहेर पडतात न पडतात तोच फुवांनी भिंतीचा जुना गिलावा खरवडायला घेतला.

काम करण्याची पद्धत अशी: सकाळी गवंड्यानं भिंतीचा तेवढाच तुकडा लिंपायचा जेवढा संध्याकाळपर्यंत रंगवून होईल. त्यामुळे गवंडी घरी जाऊन बायकोला कामाचा हिशेब अवयवांत देऊ लागला. आज एक मांडी झाली. आज द्राक्षाची टोपली आणि गुडघा. परवा अमावास्या, सुट्टी, त्या आधी पाठ आटपायची आहे. गवंड्याच्या बायकोनं ही खबर पाणवठ्यावर नेली, आणि गावातल्या बायका काही ना काही मागायला आमच्या फुईकडे येऊ लागल्या. विरजण घेता घेता भिंतीकडे एक नजर टाकून जायच्या.

फुई माझी सख्खी आत्या, म्हणून सांगत नाही, पण तिच्या जिभेला कळसाडीत तोड नव्हती. ती पहिल्या दिवसापासून भिंतीसमोर उभी राहून बोलत होती. "इतला लोके जेवाले बठनात, आन सैपाक कोन करी ऱ्हायनं? चूल कथी शे?" फुवा म्हणाले, पुस्तकात चूल दाखवलेली नाही. "मंग या उपाशीच उठतीन," फुई म्हणाली. मग तिनं विचारलं की यात मी कुठं आहे. गावातले सगळे चेहरे होते, सोनार होता, पोलीस पाटील होता, त्रिशूळ घेतलेल्या एका देवाला तर आमचे ड्रॉइंग मास्तर चिकटले होते. फुवांनी एका पाठमोऱ्या देवीकडे बोट केलं. "ती तू."

"माले तोंड नही का?"

"शे ना. पलीकडे शे."

फुई बराच वेळ त्या पाठीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मी कधी पंगतले पाठ करीसन बठनू नही," आणि आत निघून गेली. पण त्या दिवशी फुवांच्या भाकरीवर तुपाची धार जरा लांबली, असं फुवा सांगत.

मोठे बापा द्वारकेहून आले. दारात पाय धुतले, प्रसादाची पुडी देव्हाऱ्यात ठेवली, आणि बैठकीत येऊन उभे राहिले. भिंतभर देव जेवत होते, आणि एकाच्याही अंगावर धड कपडा नव्हता. पंगतीच्या मधोमध, सगळ्यांत उंच ढगावर, पंगतीचा थोरला बसला होता. भरदार छाती, उघडी मांडी, आणि मिशा अशा की कळसाडीतल्या कुणीही अंधारात ओळखाव्या.

"हाऊ कोन शे?"

"इटलीना मोठा देव."

"याना मिशा कोन्या शेतस?"

फुवा म्हणाले, "भाऊ, घरमा जो मोठा, त्यानाच चेहरा मोठा देवले द्याना पडस."

मोठ्या बापांनी यावर बराच विचार केला. रागावलं तर ती मिशी आपली आहे असं कबूल केल्यासारखं होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "घरमा बायापोरी शेतीस. या बठास्ले कपडा घाल. कपडा ऱ्हायना तर भित ऱ्हाई. नही तर चुना मारसू." झालं. मोठे बापा एकदा बोलले की ते शब्द खळ्यातल्या खांबासारखे. बैल फिरतात, खांब हलत नाही. त्या दिवसापासून फुवांचा जीव त्या भिंतीत अडकला. पंगत अंगभर कपड्यांत राहिली तर वाचणार, नाहीतर चुन्याखाली जाणार.

आता भिंत तर वाळून खडखडीत झालेली. फुवांनी रंगात डिंकाचं पाणी कालवलं आणि वाळल्या भिंतीवर एकेका देवाला कपडे चढवले. धोतरं, लुगडी, एका बासरीवाल्याला बंडी. फुईनं मागे उभं राहून काठ-पदर सांगितले. मोठे बापा पाहून गेले, काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत. पण ड्रॉइंग मास्तरांचं वाक्य खोटं नव्हतं. पावसाळा गेला, थंडी गेली, आणि होळीच्या सुमारास कपड्यांच्या खपल्या धरू लागल्या. आधी सोनाराचं धोतर सुटलं. मग देवींचे पदर. रोज सकाळी केरात लुगड्यांचे तुकडे निघायचे आणि फुई ते सुपलीत भरून उकिरड्यावर टाकायची. चैत्र संपेपर्यंत पंगत पुन्हा जशी इटलीत होती तशी झाली. आणि अंग मात्र, चुन्यानं पोटात घेतलेलं, तसंच्या तसं. उलट वाळून अधिकच उजळलेलं.

पुढे लगेच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घर भरून जातं. मोठ्या बापांच्या चार लेकी सासरहून यायच्या आणि त्यांच्याबरोबर कधी जावईही. तेव्हा आखाजीच्या आधी कपडे परत चढलेच पाहिजेत. मोठे बापा भिंतीकडे न पाहता विचारायचे, "आखाजी उनी. चुना भिजाडू का?" आणि फुई रंगाच्या वाट्या घेऊन बसायची. पहिल्या वर्षी रंग फुवांनी दिला, पण त्यांना देवांवर कपडे रंगवताना ताप यायचा, खरोखरचा, अंग गरम व्हायचं. मग ते काम फुईकडेच गेलं. वर्षामागून वर्षं दर आखाजीला फुई स्टुलावर उभी राहून त्या परक्या देवांना लाज झाकायला कपडे द्यायची, आणि होळीनंतर ते गळून पडायचे.

लेकी आल्या की कुणाला कोणता रंग यावर भांडणं व्हायची. "काकू, हिले मागला साल बी हिरवंच व्हतं," एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "या बासरीवालाले बुशशर्ट कर, मन्हा घरवाला तसाच घालस." त्यामुळे त्या भिंतीवर जगातली फॅशन कळसाडीत सगळ्यांत आधी यायची. लुगड्यांची गोल पातळं झाली, मग नायलॉनच्या फुलाफुलांच्या साड्या आल्या. ड्रॉइंग मास्तरांच्या देवाला एका साली काळा कोट मिळाला, त्याच साली त्यांची बढती झाली, आणि त्यांनी मला विचारलं की पुढच्या वर्षी पट्टा मिळेल का. शेजारची एक म्हातारी त्या त्रिशूळवाल्याला शंकर समजून दर सोमवारी खाली बेलाचं पान ठेवून जायची. फुवांनी तिला एकदा समजावलं की आजी, हे त्रिशूळ समुद्रातलं आहे, मासे मारायचं. म्हातारी म्हणाली, "मारू दे. देव कुठे काय खास ते आपन कशाले पहानं?"

मी दर आखाजीला जायचो, कधी होळीलाही. होळीनंतरच्या दिवसांत फुवांची एक सवय मला ठाऊक होती. कपडे गळत आले की ते दुपारी शेतावर जायचे नाहीत. बैठकीत उंबऱ्यापाशी बसून राहायचे. काही करायचे नाहीत, विडीही ओढायचे नाहीत. मी विचारलं, "फुवा, काय पाहताय?" तर म्हणायचे, "काही नही, मास्तर. उन्हं भितवर किती येस ते पाही ऱ्हायनू." त्या बैठकीला खिडकी उत्तरेला होती. ऊन कधीच यायचं नाही.

मग साठ साल उलटून गेल्यावर कधीतरी घर फुटायची वेळ आली. भांडण नव्हतं. मोठ्या बापांची मुलं हाताशी आली होती, उसाचे व्याप वाढले होते, आणि दोघा भावांनी डोळ्यांदेखत वाटण्या कराव्या असं पंचांचं म्हणणं पडलं. आमच्यात रीत अशी की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि आधी उचलायचं धाकट्यानं. म्हणजे थोरला आपोआप नीट वाटे पाडतो. पंच बैठकीत बसले, मीही फुईच्या माहेरचा म्हणून एका कोपऱ्यात होतो. मोठ्या बापांनी वाटे सांगितले. पहिला: घराचा पुढचा अर्धा, म्हणजे बैठक आणि ती भिंत, आणि त्याबरोबर विहिरीचं रान, केळीसकट. दुसरा: घराचा मागचा अर्धा, आणि नाल्यापलीकडची कोरडवाहू जमीन.

हे वाटे सारखे नाहीत हे माझ्यासारख्या भूगोलवाल्यालाही कळलं. धाकटा आधी उचलणार हे मोठ्या बापांना ठाऊक होतं, धाकट्याचा जीव कुठं आहे तेही ठाऊक होतं, आणि त्या जिवाला विहीर बांधून दिली होती. तोंडानं काही बोलायचं नाही, अशी त्यांची तऱ्हा. फुई दाराआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या त्यावरून तिलाही कळलं असावं.

फुवा उठले. भिंतीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी मांगला अर्धा लेस."

बाहेर आल्यावर फुईनं त्यांना केळीच्या घडांशेजारी गाठलं. इतका वेळ गप्प बसलेली फुई मी प्रथमच पाहिली होती. "तुम्हले समजनं तरी का, काय सोडं ते?"

"समजनं ना," फुवा म्हणाले. "भाऊनी भित इहिरनी जोडे बसाडी. मानूस आपली आवडती वस्तू चांगली वस्तूजवळच ठेवस. इतला साल बोलना नही, पन त्याले ती भित किती आवडस पहाय. मी कशी उचलू?"

फुईनं माझ्याकडे पाहिलं. मी केळीकडे पाहिलं. त्या दोघा भावांना एकमेकांचं मन समजावून सांगेल असा माणूस त्या घरात नव्हता, आणि मी तर पाहुणा.

जमिनीचं पुढे फार बिघडलं नाही. त्याच पावसाळ्याआधी मोठ्या बापांनी विहिरीचा एक पाट नाल्यापलीकडे नेला आणि कुणी विचारलं तर, "पानी उतारखाले जास, त्याले मी काय करू," असं सांगितलं. भिंतीची मात्र चिंता होती. ती आता मोठ्या बापांची, आणि होळी होऊन गेलेली. कपडे सगळे गळाले होते. आखाजी तोंडावर. दरवर्षी 'चुना भिजाडू का' असं यायचं ते यंदा आलं नाही. फुई मागच्या घरात वाट्या घासून पुसून बसली होती, पण दुसऱ्याच्या भिंतीला न बोलावता हात कसा लावायचा? मी आखाजीच्या आदल्या दिवशीच पोचलो, तर पुढच्या अंगणात चुना भिजत घातलेला. पिंपातून वाफ येत होती आणि त्याचा फसफस आवाज मागच्या घरापर्यंत ऐकू येत होता.

फुवा मागच्या ओट्यावर बसले होते. चुन्याचा वास शहाद्याहून ओळखणारा माणूस, तो डोळे मिटून बसला होता. मला म्हणाले, "मास्तर, पुढे जाईसन पाही या. माले सांगू नका."

मी पुढे गेलो. बैठकीत मोठे बापा स्वतः शिडीवर उभे होते, या वयात, धोतर खोचून, हातात अंबाडीचा कुंचा. खाली त्यांचा थोरला मुलगा शिडी धरून "बापा, उतरा ना, बापा, मी करस ना," असं म्हणत होता आणि ते ऐकत नव्हते. भिंत ओली होती. मोठ्या बापांनी सबंध भिंतीवर आधी पाणी मारून घेतलं होतं, आणि चुना ते सरसकट फासत नव्हते. जीभ दाताखाली धरून, एकेका देवाच्या कमरेभोवती, छातीभोवती, कुंच्याच्या टोकानं चुना भरत होते. चेहरे सोडत होते, हात सोडत होते, द्राक्षं सोडत होते. सगळी पंगत पांढरीशुभ्र. देवांना पांढरी धोतरं, देवींना पांढरी लुगडी, पंखवाल्या पोरांना पांढरी अंगरखी. मधल्या मिशीवाल्या थोरल्याला त्यांनी सगळ्यांत आधी झाकलं होतं. गळ्यापर्यंत, दोन हात देऊन.

मला पाहून म्हणाले, "लहानाले बलाव."

फुवा आले, मागोमाग फुई. मोठे बापा शिडीवरून उतरले, कुंचा पिंपात ठेवला, आणि मी त्यांना जन्मात कधी पाहिलं नव्हतं असे संकोचून उभे राहिले. "आते दरसालनी कटकट नही," ते म्हणाले. "पानी मारीसन चुना दिन्हा शे. निंघाव नही. आपन दोन्ही गयात तरी निंघाव नही."

फुवा भिंतीपाशी गेले. पाहत राहिले. मग भावाकडे वळून म्हणाले, "चांगलं व्हयनं, भाऊ. टिकी."

"टिकी ना?"

"टिकी."

मोठ्या बापांचा चेहरा असा उजळला की पंगतीतल्या थोरल्याचाही तसा काढता आला नसता. "तुले यामातलं समजस," ते म्हणाले. "नीट पाही सांग. कोठे ऱ्हायनं का?"

फुवांनी पुन्हा पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं, जिथं पंखवालं एक पोर ढगाआडून पंगतीकडे वाकून पाहत होतं. "त्या पोऱ्याना खांदा."

मोठे बापा पुन्हा शिडीवर चढले आणि तो खांदा त्यांनी झाकला.

दोघे भाऊ मग बैठकीत चहा घेत बसले. मी फुईबरोबर मागच्या घराकडे निघालो. बोळातून चालताना माझ्या मनात एक विचार आला, आणि मास्तराची खोड, विचार आला की बोलून दाखवायचा. मी म्हणालो, "फुई, भिंत भिजवून रंग चुन्यात कालवला असता तर कपडे पहिल्याच साली टिकले असते. फुवांना ओल्या चुन्यातलं एवढं कळतं, त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?"

फुई चालता चालता थांबली नाही. "मीच सांगं व्हतं त्यास्ले, दुसराच साले. म्हनं, डिंक कसाले, चुनामा कालवा, टिकी जाई. तुन्हा फुवा म्हनेत, टिकी जाई म्हनीसनच तर नही कालवत."

मग थोडं पुढं गेल्यावर, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "तव्हयपासून मी डिंक बी जरा कमीच टाकत व्हतू."

आणि चुलीवर दूध ठेवलं होतं म्हणून ती पाय उचलून घरात गेली.